झडीचे दिवस आणि मनाचा विसावा

आषाढात एकदा झड लागली की आहुप्याच्या पठारावर, डिंभे धरणाच्या वरच्या वाड्यांत आणि नाणेघाटाकडच्या गावांत दिवस कधी उजाडला आणि कधी मावळला, हे घड्याळ पाहूनच कळतं. धुकं उंबऱ्यापर्यंत येऊन बसतं. ओलं सरपण धुमसत राहतं आणि घरभर धूर कोंडतो. धुतलेली कापडं आठ-आठ दिवस वाळत नाहीत, पांघरुणाला कुबट वास लागतो. भाताच्या आवणीच्या चिखलात दिवसभर वाकून उभ्या असलेल्या बायकांच्या पायांना चिखल्या होतात. या दिवसांत ‘मला नैराश्य आलंय’ असं कुणी म्हणत नाही. ‘करमत नाही’, ‘कशात जीव लागत नाही’, ‘अंग मोडून आल्यासारखं होतं’ एवढंच म्हणतात, आणि पुन्हा कामाला लागतात.

मराठीत आभाळ झाकोळलं तरी मळभ आणि मन झाकोळलं तरी मळभच. या दोन मळभांचं नातं भाषेनं फार आधी ओळखलं होतं. गेल्या चाळीस वर्षांत वैद्यकशास्त्रानं त्याचा पद्धतशीर शोध घेतला. श्रद्धा, विसावा आणि स्वतःची काळजी हे त्यावरचे सगळ्यात जुने उपाय. ते कितपत उपयोगी पडतात, कुठे अपुरे ठरतात आणि जुन्नर-आंबेगावच्या माणसाला त्यांतलं काय खरोखर परवडतं, याचा हा आढावा.

ऋतू आणि मन: शास्त्र काय म्हणतं

नॉर्मन रोझेन्थाल हे मनोविकारतज्ज्ञ दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गहून अमेरिकेत गेले. तिथल्या हिवाळ्यात आपला उत्साह ओसरतो आणि वसंतात परत येतो, हे त्यांनी आधी स्वतःवरच अनुभवलं. १९८४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ऋतुबद्ध नैराश्याचं पहिलं सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलं. हिवाळा आला की झोप वाढते, गोड आणि पिठूळ खाण्याची ओढ लागते, वजन वाढतं, माणूस माणसांपासून दूर राहू लागतो आणि ऋतू पालटला की सावरतो. काहींच्या बाबतीत हेच उन्हाळ्यात, पण उलट्या रीतीनं घडतं: झोप उडते, भूक मरते, चिडचिड वाढते. आजच्या निदानपद्धतीत हा वेगळा आजार मानत नाहीत. नैराश्याच्याच आजाराचा तो ऋतूनुसार येणारा प्रकार समजला जातो.

यामागचं मुख्य सूत्र प्रकाशाचं आहे. डोळ्याच्या पडद्यावरच्या काही पेशी पाहण्यासाठी नसतात. उजेड किती आहे, एवढंच त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. सकाळचा उजेड मिळाला की ते घड्याळ जुळतं आणि रात्री झोप आणणारं मेलाटोनिन वेळेवर तयार होतं. उजेड कमी पडला की घड्याळ मागे रेंगाळतं. म्हणून थंड देशांत १०,००० लक्सच्या दिव्यासमोर रोज सकाळी अर्धा तास बसण्याचा उपचार रूढ झाला. आपल्या घरातला बल्ब फार तर दोन-तीनशे लक्स उजेड देतो. ढगाळ दिवशीही उघड्यावर त्याच्या कितीतरी पट उजेड असतो, आणि लख्ख उन्हात तो एक लाख लक्सपर्यंत जातो.

पण हा सिद्धान्त सगळ्यांनी डोळे मिटून स्वीकारलेला नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या ३४,२९४ लोकांच्या पाहणीचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात नैराश्याच्या लक्षणांचा ऋतूशी किंवा अक्षांशाशी ठळक संबंध सापडला नाही. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळीनं उदासी टळेल ही आशाही मोठी होती. १८,३५३ प्रौढांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्या गोळीनं नैराश्य टळल्याचं दिसलं नाही. केली रोहन यांच्या व्हरमाँटमधल्या अभ्यासात १७७ जणांपैकी काहींना प्रकाशोपचार, तर काहींना विचार आणि वर्तन बदलण्याचं प्रशिक्षण दिलं. त्या हिवाळ्यात दोन्ही गट सारखेच सुधारले. दोन वर्षांनंतरच्या हिवाळ्यात मात्र प्रकाशोपचार घेतलेल्यांपैकी साधारण ४६ टक्के लोकांना पुन्हा त्रास झाला, तर प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी साधारण २७ टक्के लोकांना. म्हणजे उजेड महत्त्वाचा आहेच, पण उदास दिवसांत आपण काय करतो आणि त्या दिवसांचा अर्थ काय लावतो, हे त्याहून जास्त टिकतं.

हे बहुतेक अभ्यास उत्तरेकडच्या थंड मुलखातले. नॉर्वेतल्या ट्रॉम्स्योमध्ये हिवाळ्यात दोन महिने सूर्य क्षितिजावर येत नाही. जुन्नर १९ अंश अक्षांशावर आहे. इथला डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवसही जवळजवळ अकरा तासांचा. मग आपल्याकडे उजेडाची टंचाई कुठून आली? ती येते ढगांतून. जून-जुलैत इथला दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, वर्षातला सगळ्यात मोठा असतो आणि नेमका तेव्हाच पावसाळा त्याला झाकून टाकतो. आपला काळोखाचा ऋतू डिसेंबर नाही, आषाढ आहे.

दोन तालुके, तीन उदास्या

जुन्नर आणि आंबेगाव नकाशावर शेजारी-शेजारी आहेत. दोन्हींचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेला आहे आणि पूर्व भाग देशावरच्या कोरड्या पठारात उतरतो. पश्चिमेला हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर पूर्वेला त्याचा चौथा हिस्साही पडत नाही. त्यामुळे इथल्या उदासीला एक तोंड नाही.

पहिली उदासी पश्चिमेची, पावसाची. इथली वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. भात, नाचणी, वरई ही त्यांची पिकं, आणि उन्हाळ्यात हिरडा. हिरड्याचा पैसा पावसाळ्याची बेगमी करतो. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानं हिरड्याची झाडं झोडपली तेव्हा कितीतरी घरांचा पावसाळा पैशाविना सुरू झाला. आषाढ-श्रावणात कणगी तळाला गेलेली असते, भात अजून शेतात असतं आणि हातात रोकड नसते. त्यात डोंगर. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसं गेली. वाचलेल्यांसाठी आमडे इथे नवं गाव उभं राहिलं, २०१७ साली लोक तिथे राहायला गेले. पण घर नवं झालं म्हणून पाऊस नवा होत नाही. ज्या दिवसांत आघात झाला ते दिवस फिरून आले की शरीर आधी दचकतं आणि कारण मागून आठवतं. रात्री जोराची सर आली की जागं होणं, डोंगराकडे पाहत बसणं, जुलै संपेपर्यंत घास गोड न लागणं, याला फक्त मळभ म्हणून चालणार नाही. तो शोक आहे आणि त्याला वेगळ्या आधाराची गरज आहे.

दुसरी उदासी पूर्वेची, हिवाळ्याची. नारायणगाव, ओतूर, मंचर या पट्ट्यात धरणांच्या पाण्यावर ऊस, द्राक्ष, टोमॅटो, कांदा उभा आहे. इथे ऊन भरपूर, पण झोप मोडलेली. शेतीची वीज पाळीपाळीनं येते आणि पाळी रात्रीची आली की कडाक्याच्या थंडीत बॅटरी घेऊन पाण्याची दारं धरायला जावं लागतं. उसाच्या फडात बिबट्या असतो. तोडणी सुरू झाली की तो बाहेर पडतो. भीती आणि जागरण ही दोन्ही एकत्र आली की आठ-दहा दिवसांत कुणाचंही मन खचतं. दिवसा वीज द्या ही शेतकऱ्यांची मागणी आपण नेहमी शेतीच्या पानावर वाचतो. ती आरोग्याची मागणीही आहे.

तिसरी उदासी भावाची. तिला ठरलेला ऋतू नाही, पण ती पिकाबरोबर येते. टोमॅटोचा क्रेट तोडणीच्या खर्चालाही पुरत नाही, तेव्हा मन कोसळतं ते हवामानानं नाही. अशा वेळी ‘सकाळी उन्हात फिरा’ हा सल्ला दिला तर तो माणसाच्या दुःखाचा अपमान ठरेल. ऋतूची उदासी आणि कर्जाची उदासी एकाच चेहऱ्यावर दिसतात. त्यांतली कुठली आहे हे आधी विचारायला हवं.

थांबण्याची दोन हजार वर्षांची रीत

उदास ऋतूत काय करावं, याचं पहिलं उत्तर या भागात डोंगर कोरून लिहिलेलं आहे. जुन्नरच्या भोवती लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी इथे मिळून दोनशेच्या आसपास बौद्ध लेणी आहेत. सातवाहनांच्या काळात नाणेघाटानं व्यापार चालायचा, तेव्हाची. भिक्खू वर्षभर पायी फिरत, पण आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने एका जागी राहत. तोच वर्षावास. वाटा चिखलाच्या, नद्या फुगलेल्या आणि पायाखाली जीवजंतू वळवळणारे. अशा दिवसांत चालू नये, थांबावं, अभ्यास करावा, बरोबरीच्यांच्या सहवासात राहावं असा तो नियम. आजही इथल्या बौद्ध वस्त्यांत वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं सामुदायिक वाचन चालतं.

हिंदू पंचांगातला चातुर्मास याच पावसाळ्यावर बेतलेला आहे. आषाढी एकादशीला देव झोपतो आणि कार्तिकीला जागा होतो. देवालाही पावसाळ्यात झोप लागते, ही कल्पना करणाऱ्या समाजाला ऋतूच्या थकव्याची लाज वाटत नव्हती. आयुर्वेदही तेच सांगतो. चरकसंहितेच्या ऋतुचर्येत पावसाळ्यात शरीराचं बळ आणि जाठराग्नी दोन्ही मंद होतात असं म्हटलं आहे. जुनं धान्य खावं, हलकं खावं, अतिश्रम टाळावेत, असं ती सांगते. पण त्याच ऋतुचर्येत एक सूक्ष्म इशारा आहे: दिवसा झोपायची मुभा उन्हाळ्यात आहे, पावसाळ्यात नाही. पावसाळ्यातली दुपारची लांब झोप माणसाला जड करते. आजचे झोपेचे डॉक्टर वेगळ्या शब्दांत हेच सांगतात. पडून राहणं आणि विसावणं या दोन गोष्टी आहेत.

श्रद्धा काय देते

श्रावण लागला की भीमाशंकरची वाट भरून वाहते. ओतूरला मांडवीकाठच्या कपर्दिकेश्वरापुढे श्रावणी सोमवारी तांदळाच्या पिंडी रचल्या जातात. त्याच आवारात तुकोबांचे गुरू मानल्या गेलेल्या बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. गावोगावी पोथी लागते, सप्ताह बसतो, आणि कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकड आरती चालते. भाविकाला विचारलं तर तो सांगेल, मनाला बरं वाटतं. हे बरं वाटणं येतं कुठून, याचा विचार करायला हरकत नाही. तसा विचार केल्यानं श्रद्धा उणी होत नाही.

त्यातली पहिली गोष्ट म्हणजे वेळ. काकड्याला जाणारा माणूस महिनाभर एकाच वेळी उठतो आणि घरी परततो तेव्हा उजाडलेलं असतं. ठरलेल्या वेळी उठणं आणि सकाळचा उजेड डोळ्यांवर घेणं, मेंदूतल्या घड्याळाला याहून चांगलं औषध नाही. जुन्नर शहरातल्या मशिदीतली फजरची नमाजही सूर्याच्याच वेळेशी बांधलेली आहे. दुसरी गोष्ट म्हणजे माणसं. भजनात आवाज नसला तरी टाळ हातात येतो आणि शेजारी कुणीतरी असतं. तिसरी शरीराची हालचाल. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढणारा माणूस देवापाशी पोचण्याआधीच श्वास, रक्त आणि स्नायू जागे करून आलेला असतो. आणि चौथी, अर्थ. आपलं दुःख एकट्याचं नाही, आधीच्यांनीही ते वाहिलं आहे, ही जाणीव.

तुकोबांचं चरित्र या अंगानं वाचण्यासारखं आहे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांनी पत्नी आणि मूल गमावलं, व्यवसाय बुडाला. ते डोंगरावर एकांतात गेले. पण एकांतातच राहिले नाहीत. पडकं देऊळ दुरुस्त केलं, कीर्तनात उभे राहिले, लोकांत परत आले. एकांत ही त्यांची वाट होती, मुक्काम नव्हता. दुःखी माणसाला थोडं एकटं राहू द्यावं आणि मग हात धरून माणसांत आणावं, ही वारकरी परंपरेची शिकवण आजच्या उपचारपद्धतीशी जुळते.

संशोधनही या दिशेनंच आहे. अमेरिकेतल्या हजारो परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासात नियमित सामुदायिक उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये नैराश्य कमी आढळलं. पण त्याच अभ्यासात दुसरी बाजूही दिसली: ज्यांना नैराश्य आलं त्यांचं उपासनेला जाणं पुढे कमी झालं. गावच्या भजनी मंडळासाठी ही फार कामाची गोष्ट आहे. जो आला त्याचं कौतुक होतंच, पण जो नेहमी यायचा आणि आता येत नाही, त्याच्या घरी जायला हवं. ‘फार मोठा झाला, देवळात येत नाही’ असं बोलण्याआधी एकदा त्याच्या दारात जाऊन ‘चल’ म्हणावं.

श्रद्धा कुठे दुखावते

मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी संकटात श्रद्धेचा आधार घेण्याच्या दोन रीती वेगळ्या काढल्या. देव माझ्याबरोबर आहे असं मानणाऱ्याला बळ मिळतं. देव मला शिक्षा करतोय, त्यानं मला टाकलंय असं मानणाऱ्याचं दुःख दुपटीनं वाढतं. आपल्याकडे दुसऱ्या रीतीला शब्दांची कमतरता नाही: कोप झालाय, नवस राहिलाय, बाहेरचं आहे, कुणी केलंय. उदास बाईला हे ऐकवलं की तिच्या दुःखात अपराधाची भर पडते.

देवऋषी किंवा भगत यांच्याकडे माणूस का जातो, हेही समजून घ्यायला हवं. तो जवळ असतो, आपल्या भाषेत बोलतो, वेळ देतो आणि घरच्या सगळ्यांना बोलावतो. महाराष्ट्रातल्या दर्ग्यांवर आणि देवस्थानांवर भार्गवी दावर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून हे पुढे आलं आहे की अशा जागी पीडितांना, विशेषतः स्त्रियांना, थोडा मोकळेपणा आणि निवारा मिळतो. पण यालाही हद्द आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडी इथे एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या २८ मनोरुग्णांना पळता आलं नाही. त्यानंतर मानसिक आजारी माणसाला साखळीनं बांधणं २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं निषिद्ध झालं, आणि महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं अघोरी उपचार गुन्हा ठरले. अंगारा लावायला कुणी अडवू नये. पण मारहाण, उपाशी ठेवणं, सुरू असलेली गोळी बंद करायला लावणं, यांपैकी काही दिसलं तर तिथून उठून यावं.

विसावा कुणाच्या वाट्याला

या आढाव्यातला सगळ्यात अवघड प्रश्न इथे येतो. पावसाळ्यात थांबावं, असं धर्म सांगतो, आयुर्वेद सांगतो. पण भात आषाढातच लावावं लागतं. आवणीला दिवस गेला तर वर्ष गेलं. मग थांबायचं कुणी?

घरातली बाई या प्रश्नाच्या मधोमध उभी असते. पहाटे उठून चूल, दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून आवणी, संध्याकाळी गुरं आणि पुन्हा चूल. त्यात श्रावण लागला की सोमवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी. उपास तिनं आवडीनं धरलेला असतो, तो तिच्या हक्काचा आहे. पण रक्त कमी असलेल्या शरीरानं उपाशीपोटी चिखलात राबणं म्हणजे थकव्याला आमंत्रण. तो थकवा हळूहळू मनात उतरतो. पंडुरोगाची आणि थायरॉईडच्या बिघाडाची लक्षणं नैराश्यासारखीच दिसतात: मरगळ, झोप, कशात रस नसणं. म्हणून ‘करमत नाही’ म्हणणाऱ्या बाईची आधी रक्ततपासणी व्हावी. व्रताच्या बाबतीत तर शास्त्रानंच आजारी, गरोदर आणि अशक्त माणसाला सवलत दिली आहे. ती घरच्या वडीलधाऱ्यांनी, खास करून सासूबाईंनी, आपणहून सांगायला हवी. ‘अगं, या वर्षी तू धरू नको, मी धरते’ हे वाक्य सुनेच्या कानावर पडलं की अर्धा शीण उतरतो.

पुरुषांचा विसावा दुसऱ्या वाटेनं बिघडतो. झडीत काम नसलं की पत्ते आणि दारू. दारूनं पहिला तासभर बरं वाटतं, पण ती झोप तोडते आणि दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली नेते. उदासीवर दारू पिणारा माणूस ओल्या सरपणावर रॉकेल ओततोय. भडका उडतो, चूल पेटत नाही.

खरा विसावा छोटा आणि ठरलेला असतो. आवणीच्या दिवसांत दुपारी भाकरी खाल्ल्यावर वीस मिनिटं पाठ टेकणं, रात्री ठरल्या वेळी निजणं, रात्रपाळीची दारं भावाभावांत वाटून घेणं, आठवड्यातून एका संध्याकाळी चूल दुसऱ्या कुणी पेटवणं. यातलं काहीही पैशानं विकत घ्यावं लागत नाही. ते घरातल्या दुसऱ्या माणसाकडून मिळावं लागतं.

स्वतःची काळजी, आपल्या रीतीनं

शहरात ‘सेल्फ-केअर’ म्हणून सुगंधी मेणबत्त्या आणि महागडी शिबिरं विकली जातात. खेड्यातली काळजी साधी आहे आणि तिच्यामागे पुरावाही आहे. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगथ’ संस्थेनं केलेली चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ लोकांपैकी निम्म्यांना साध्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत मदत केली. ते डॉक्टर नव्हते. त्यांनी शिकवलेली गोष्ट थोडक्यात अशी: मन लागेल तेव्हा काम करू असं म्हणत थांबू नका. आधी लहानसं काम करा, मन मागून येतं. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्के लोक लक्षणांतून बाहेर आले होते. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

जुन्नर-आंबेगावात हे बसवणं अवघड नाही. सर उघडली की पडवीत किंवा अंगणात येऊन अर्धा तास उजेडात बसावं, निवडायचं-सोलायचं काम तिथेच करावं. मधल्या उघडिपीत बांधावर जाऊन कुर्डू, चाई, भारंगीची कोवळी भाजी खुडून आणावी. पायाला चाल, डोळ्याला हिरवं आणि ताटाला चव, तिन्ही मिळतं. हुलग्याची गरम शेंगोळी किंवा नाचणीची भाकरी पोटाला ऊब देते. पाय कोरडे करून तेल लावावं, कारण दुखणारं शरीर मनाला स्वस्थ बसू देत नाही. मोबाईल निजायच्या तासभर आधी बाजूला ठेवावा. रोज एका माणसाशी, फोनवर का होईना, कामाशिवाय बोलावं.

महिलांचे बचत गट, भजनी मंडळं, आशाताई, अंगणवाडी ताई यांची वीण प्रत्येक गावात आधीच आहे. नाशिक जिल्ह्यात सुरू होऊन पुढे गुजरातेत वाढलेल्या ‘आत्मीयता’ उपक्रमानं गावातल्याच माणसांना दुःख ऐकून घ्यायला शिकवलं. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या प्रेरणेनं उभ्या राहिलेल्या ‘परिवर्तन’ संस्थेच्या ‘मानसमित्र’ कामाचा गाभाही तोच. बचत गटाच्या महिन्याच्या बैठकीत हिशेबाआधी दहा मिनिटं ‘कशी आहेस?’ या प्रश्नाला दिली, तर याची सुरुवात झालीच.

घरगुती उपायांची हद्द

मळभ आणि आजार यांतली रेघ ओळखता यायला हवी. दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न राहिलं, आवडीच्या गोष्टींतला रस गेला, झोप आणि भूक बिघडली, आपण नालायक आहोत असं वाटू लागलं, घरची कामं होईनाशी झाली, तर तो ऋतूचा लहरीपणा राहिलेला नाही. तेव्हा डॉक्टरकडे जावं. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे काय, दोन दिवसही थांबू नये. त्या माणसाला एकटं सोडू नये, घरातली कीटकनाशकं कुलपात ठेवावीत आणि ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ असं सरळ, मायेनं विचारावं. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही, उलट कोंडलेली वाफ बाहेर पडते. कधी खूप उदासी आणि कधी झोपेविना अफाट उत्साह असं आलटून पालटून होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं, कारण त्याचे उपचार वेगळे असतात.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १२ राज्यांतल्या प्रौढांपैकी साधारण दहा टक्के लोकांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला आणि त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत किंवा पुण्यात ससूनपर्यंत जाण्याआधी किती घरं लाजेपायी वर्षं काढतात, हे आपण आजूबाजूला पाहतोच. आता निदान पहिलं पाऊल घरातून टाकता येतं. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. हा क्रमांक देवळाच्या सभामंडपात, समाजमंदिरात, मशिदीच्या दारात, दूध संकलन केंद्रात आणि कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर लिहायला हवा. देवळाच्या भिंतीवर तो असला तर डॉक्टरकडे जाणं म्हणजे देवावरचा विश्वास उडणं, हा गैरसमज आपोआप गळून पडेल. गोळी घेऊन काकड्याला जाता येतं.

लेण्यातला ओटा

जुन्नरच्या लेण्यांतल्या काही विहारांच्या खोल्यांत दगडात कोरलेले ओटे आहेत. पावसाळ्यात थांबलेल्या भिक्खूंनी पाठ टेकावी म्हणून ते केले. शेजारी पिण्याच्या पाण्याच्या पोढी आहेत. भिंतींवरचे ब्राह्मी लेख वाचले की कळतं, हे सगळं त्या भिक्खूंनी स्वतः उभं केलेलं नव्हतं. कुणी शेत दिलं, कुणी झाडं दिली, कुणी पैसा बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेव म्हणून ठेवला आणि त्याच्या व्याजातून भिक्खूंची सोय लावली. त्यांचा विसावा अख्ख्या नगरानं मिळून दिला होता.

या आढाव्यातून मला हाती लागलं ते एवढंच. उजेड, झोप, भाकरी, भजन, औषध यांतलं काहीच एकमेकांच्या विरुद्ध नाही. पण यांतलं जवळजवळ काहीही माणसाला एकट्यानं, स्वतःच्या बळावर मिळवता येत नाही. ज्याचं मन बुडालेलं असतं त्याच्याकडे नेमकं तेच बळ नसतं. कुणीतरी त्याची रात्रीची दारं धरावी लागतात. कुणीतरी उपास आपल्याकडे घ्यावा लागतो. कुणीतरी दारात येऊन ‘चल’ म्हणावं लागतं. दोन हजार वर्षांपूर्वी या गावांनी परक्या भिक्खूसाठी डोंगरात ओटा कोरून दिला. यंदाच्या आषाढात, दिवसभर चिखलात राबून आलेल्या आपल्याच घरच्या माणसासाठी पडवीतली एक कोरडी जागा आणि वीस मिनिटं राखून ठेवणं, आपल्याला नक्की जमेल.